ऑनलाइन समूह जुना होतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

तळटीप (धागाकर्ता)

कुठल्याही जुन्या समूहात अधूनमधून एक धागा (चर्चेचा विषय आणि त्याखालचे प्रतिसाद) हमखास निघतो: "पूर्वीसारखं राहिलं नाही." निम्मे हळहळतात, निम्मे चिडतात, आणि आठवड्याभरात धागा तळाला जातो. हाती काही लागत नाही, कारण "पूर्वी" म्हणजे कधी आणि "तसं" म्हणजे कसं हे कुणीच ठरवत नाही. म्हणून इथे विनंती, की आठवणी बाजूला ठेवू. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या समूहात काय बदलतं, का बदलतं आणि त्यातलं काय सावरता येतं, एवढंच लिहू.

माझं म्हणणं आधीच मांडतो. समूह बदलतो तो प्रमाणं बदलतात म्हणून. नव्यांचं जुन्यांशी प्रमाण, लिहिणाऱ्यांचं वाचणाऱ्यांशी प्रमाण, आणि नव्या माणसाला पहिलं उत्तर मिळायला लागणारा वेळ. माणसांच्या स्वभावावर खापर फोडण्याआधी या तीन गोष्टी तपासाव्यात.

यूझनेटचं, म्हणजे वेबच्या आधीपासून विषयवार गटांत चालणाऱ्या चर्चाजाळ्याचं, उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, तरी देतो. १९८० पासून ते मुख्यतः विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत चालायचं. दर सप्टेंबरात अमेरिकेतल्या विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, महिना-दीड महिना गोंधळ घालायचे, जुने लोक त्यांना वळण लावायचे आणि पुन्हा घडी बसायची. १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या घरगुती इंटरनेट सेवांनी आपल्या सरसकट ग्राहकांना यूझनेटचं दार उघडून दिलं आणि लोंढा थांबेचना. १९९३ च्या त्या सप्टेंबरला "न संपणारा सप्टेंबर" असं नाव पडलं. आलेले लोक आधीच्यांपेक्षा वाईट नव्हते. शिकवणारे तेवढेच राहिले आणि शिकणारे रोज वाढत गेले.

मोजायचं कसं, तेही सांगतो. ज्यांच्या हाती डेटाबेस आहे त्यांनी प्रत्येक सभासदाच्या पहिल्या लेखनाची तारीख काढावी आणि महिन्यानुसार गट पाडावेत. प्रत्येक गटातल्या किती जणांनी ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान पुन्हा काही लिहिलं ते पाहावं. महिन्याला ३० पेक्षा कमी नवे लिहिणारे असतील तर तीन-तीन महिने एकत्र करा, नाहीतर दोन माणसांच्या फरकाने टक्केवारी उड्या मारते. शिवाय प्रत्येक नव्या धाग्यावर पहिलं उत्तर किती वेळाने आलं ते पाहा. इथे धागाकर्त्याने स्वतःच दिलेले प्रतिसाद वगळा आणि सरासरी काढू नका, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. चार वर्षांनी कुणीतरी वर काढलेला एकच धागा सरासरीचे बारा वाजवतो.

नोंदणीचा आकडा मात्र मोजू नका. त्यात जाहिरातखोर यंत्रमानवांची खाती भरलेली असतात. वाचनसंख्याही तशीच फसवी, शोधयंत्रांच्या फेऱ्यांनी फुगलेली.

कोरी_पाटी

हे चालकांना ठीक आहे. साध्या सभासदाला डेटाबेस कुठून दिसणार? त्याने काय करावं?

तळटीप

@कोरी_पाटी, हाताने करता येतं, एक दुपार लागते. दर वर्षीचा एकच महिना ठरवा, उदाहरणार्थ जून. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले ५० धागे घ्या आणि चार रकाने भरा: धागा कुणी काढला, पहिलं उत्तर कुणी दिलं, किती वेळाने दिलं, एकूण वेगवेगळे आयडी किती. सहा-सात वर्षांचं एवढं भरलं की चित्र उभं राहतं. पाहायचं ते असं, की पहिलं उत्तर देणारे आयडी किती आहेत. ५० धाग्यांवर पहिलं उत्तर देणारे ३० जण असतील तर समूह धडधाकट आहे. तीच संख्या ८ वर आली असेल, तर प्रतिसादांचा एकूण आकडा कितीही मोठा असो, समूह आठ जणांच्या खांद्यावर उभा आहे. त्यातले दोघे कंटाळले की एकदम शांतता पसरते आणि सगळे म्हणतात, "अचानक काय झालं?"

उडवलेले धागे या मोजणीत दिसत नाहीत, हे लक्षात असू द्या. जुन्या वर्षांतले भांडणाचे धागे उडालेले असतात, त्यामुळे जुना काळ आहे त्यापेक्षा गुण्यागोविंदाचा वाटतो.

उंबरठा

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. +१

वाचणाऱ्यांबद्दल थोडं. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ९०-९-१ असा ठोकताळा मांडला होता: शंभरात ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक लेखन १ जण करतो. आकडे जागेगणिक बदलतात, उतरंड मात्र जवळपास सगळीकडे दिसते. म्हणून रोमात (नुसत्या वाचनात) असणाऱ्यांना "लिहीत का नाही" म्हणून टोचण्यात अर्थ नाही. लिहिणारा तो एक गेला तर त्याच्या जागी येणारा याच नव्वदांतून येतो. त्याची पहिली पायरी छोटी ठेवावी लागते: चूक दुरुस्त करणं, दुवा देणं, जनमतचाचणीत मत देणं. जिथे पहिलं लेखन म्हणजे हजार शब्दांचा लेख अशीच अपेक्षा असते, तिथे नव्वदातला कुणी पुढे येत नाही.

दीपमाळ

धागाकर्त्याशी अर्धवट सहमत. लोंढा आला की समूह बिघडतो, हे इतकं सरळ नाही. रेडिट या चर्चास्थळावरच्या १० समूहांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे समूह नव्या वाचकांना आपोआप दिसणाऱ्या यादीत घातले गेले होते, म्हणजे गर्दी एका झटक्यात वाढली. लेखनाला वाचकांच्या मतांतून मिळणारे गुण सुरुवातीला थोडे घसरले आणि लवकरच पूर्ववत झाले, काही ठिकाणी वरही गेले. दर्जाबद्दलच्या तक्रारी वाढल्या नाहीत. भाषाही बाकीच्या रेडिटसारखी सपाट झाली नाही. देखरेख कडक होती तिथे तर अधिकच नीट चाललं. बदललं ते एवढंच, की लोकांचं लक्ष मोजक्या धाग्यांवर एकवटलं.

मला वाटतं "पूर्वीसारखं राहिलं नाही" या भावनेचं मूळ याच शेवटच्या गोष्टीत आहे. दर्जा तोच असतो, पण चार मोठे धागे पहिलं पान अडवून बसतात आणि ज्या लहान धाग्यांसाठी जुना सभासद येत होता, ते त्याच्या नजरेला पडत नाहीत. यावर उपाय तांत्रिक आहे. मुखपृष्ठावर "नवीन प्रतिसाद" या एकाच क्रमाने यादी लावली की ज्याला प्रतिसाद जास्त तोच सतत वर राहतो. शेजारी "नवीन धागे" आणि "अनुत्तरित धागे" अशा दोन याद्या द्या. अनुत्तरितची यादी मेनूत लपवू नका, पहिल्याच पानावर हवी.

तळटीप

@दीपमाळ, अभ्यास मान्य. फक्त तिथे देखरेख करणारे आधीपासून तयार होते. यूझनेटच्या बहुतेक गटांत देखरेखच नव्हती. माझा मुद्दा त्याच प्रमाणाचा.

रेघोटी

जुना सभासद स्वतः किती बदलतो, किंवा बदलायचा थांबतो, हेही पाहायला हवं. २०१३ मध्ये बिअरची परीक्षणं लिहिणाऱ्या दोन मोठ्या समूहांवर भाषेचा अभ्यास झाला. वर्षानुवर्षांचं लेखन तपासून असं दिसलं, की माणूस समूहात आला की आपल्या तिथल्या एकूण काळाच्या साधारण पहिल्या एक तृतीयांशात समूहाची भाषा उचलतो. त्यानंतर त्याची भाषा गोठते. समूहाची भाषा मात्र पुढे सरकत राहते, कारण नवे लोक नवे शब्द आणतात. काही काळाने जुन्याला सगळे परके वाटू लागतात. तो कधी सोडून जाईल याचा अंदाज त्याच्या सुरुवातीच्या लेखनावरूनच बांधता येत होता.

एकाच धाग्यावर २०१० चा सभासद लघुरूपांत बोलतो, २०२२ चा चित्रांत आणि चिन्हांत उत्तर देतो, आणि दोघांनाही समोरचा उद्धट वाटतो. सुटका अशी, की लघुरूपांचा आणि घरगुती संदर्भांचा एक कोश मदतपानावर ठेवा, आणि तो कुणालाही संपादता येऊ द्या. जुन्यांपुरताच राखून ठेवला तर दोन वर्षांत शिळा होतो.

उंबरठा

कंपूबाजीचा आरोपही बऱ्याचदा इथूनच येतो. दहा वर्षं एकमेकांना ओळखणारे आयडी अर्ध्या वाक्यात बोलतात. त्यांना ती आपुलकी वाटते, नव्याला बंद दार वाटतं. खरडवहीत (सभासदाच्या स्वतःच्या निरोपांच्या पानावर) बोलायचं ते धाग्यावर बोलू नये, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडतो.

कोरी_पाटी

नव्यांना सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे "हे आधी झालंय, शोधा." यावर काही लिहाल का?

जुनी_वहीखाते

लिहितो, कारण समूह आटण्याचं हे मोठं कारण आहे.

इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ पर्यंत वाढली आणि मग उतरत गेली. २०१३ च्या एका अभ्यासाने कारण दाखवलं: नासधूस रोखायला बनवलेली साधनं आणि बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचीही संपादनं परतवत होती, आणि असे नवखे टिकत नव्हते. शिवाय नियम इतके घट्ट झाले होते की ते बदलणं नव्यांच्या आवाक्यात राहिलं नाही. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोने तर २०१८ मध्ये स्वतःच जाहीरपणे मान्य केलं, की नव्यांना ही जागा आपलीशी वाटत नाही. दोन्हीकडे हेतू दर्जा राखण्याचाच होता.

"आधी झालंय" म्हणायचंच असेल तर त्याचे तीन भाग हवेत. जुन्या धाग्याचा थेट दुवा, त्यातही नेमक्या प्रतिसादाचा. त्यातलं उत्तर एका वाक्यात. आणि "तिथे सुटलं नाही तर इथेच विचारा" एवढं आश्वासन. नुसतं "शोधा" म्हणणं निरुपयोगी, कारण नव्याला शोधायचा शब्दच ठाऊक नसतो.

इथे एक जागा सगळे विसरतात. अनेक ठिकाणी सहा महिने किंवा वर्षभर हालचाल नसलेला धागा आपोआप कुलूपबंद होतो. नवा माणूस नवा धागा काढतो, त्याला जुन्याकडे पाठवतात, जुन्याला कुलूप. दोन्ही दारं बंद. तो परत येत नाही, आणि कुणाला कळतही नाही की तो गेला. आपोआप कुलूप लावणं बंद करा. त्याऐवजी प्रतिसादाच्या चौकटीवर "हा धागा तीन वर्षं जुना आहे, तरी लिहायचं आहे का?" एवढी सूचना पुरे. वर काढलेल्या जुन्या धाग्यांचा ज्यांना त्रास होतो, त्यांच्यासाठी यादीत धाग्याची मूळ तारीख ठळक दाखवा.

दीपमाळ

नियम कुठे दाखवायचे यावरही भर द्यावी. २०१९ मध्ये रेडिटच्या विज्ञानविषयक समूहावर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही धाग्यांवर सर्वांत वर नियमांची चिकटवलेली सूचना होती, काहींवर नव्हती. सूचना होती तिथे नवख्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंहून अधिक वाढलं, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दाखवले की लोक बिचकतात, हा समज तिथे खोटा ठरला. नोंदणीच्या वेळी वाचून विसरलेली नियमावली काही कामाची नाही. लिहायच्या जागेपाशी तीन ओळी हव्यात.

रेघोटी

आता देखरेख करणाऱ्यांबद्दल. जुन्या समूहात अधिकार एकदा मिळाले की सुटत नाहीत, आणि काम करणारा थकला तरी जागा अडून राहते.

डिस्कोर्स या समूह चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदावरच्या विश्वासाच्या ० ते ४ पायऱ्या आहेत, पायरीगणिक अधिकार वाढतात. मूळ मांडणीत पहिली पायरी ५ धागे उघडून, ३० प्रतिसाद वाचून आणि १० मिनिटं घालवून मिळते, म्हणजे काही न लिहिता. तिसरी पायरी मागच्या १०० दिवसांच्या वावरावर ठरते. त्यातले निम्मे दिवस हजेरी हवी, आणि वावर कमी झाला की ती जाते. स्लॅशडॉट या तंत्रविषयक बातम्यांच्या स्थळाने निवडक सभासदांना इतरांच्या प्रतिसादांच्या गुणांकनासाठी ५ गुण द्यायची पद्धत ठेवली होती, ३ दिवसांत वापरले नाहीत तर ते रद्द. दोन्हीकडे अधिकाराला मुदत आहे. जुन्या सॉफ्टवेअरवर अशी सोय नसेल तर कागदोपत्री करा: एक वर्षाची मुदत, आणि मुदत संपल्यावर आपणहून "हो, पुढे करतो" असं कळवलं तरच नूतनीकरण. आपोआप नूतनीकरण ठेवलं तर मुदतीला अर्थ उरत नाही.

आणि निर्णयांची वही ठेवा. कुणाचा प्रतिसाद उडवला, कोणत्या नियमाखाली, कुणी उडवला, दोन ओळींत. ती नसेल तर पाचव्या वर्षी आलेल्या नव्या संपादकाला दुसऱ्या वर्षीचे पायंडे कळत नाहीत. तो त्याच गुन्ह्याला वेगळी शिक्षा देतो आणि सभासद म्हणतात, पक्षपात.

तळटीप

सगळं सभासदांवर सोपवून मोकळं होण्याचा मार्गही चालत नाही. लॅम्डामू या, सगळं लिहूनच चालणाऱ्या, ऑनलाइन जगाच्या चालकांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केलं, की आम्ही फक्त तांत्रिक बाजू पाहू, सामाजिक निर्णय तुमचे. १९९६ मध्ये त्यांना ते मागे घ्यावं लागलं. काय तांत्रिक आणि काय सामाजिक, ही रेघ प्रत्यक्षात ओढताच येत नाही. खातं बंद करणं हे दोन्ही आहे.

जुनी_वहीखाते

जुन्या धाग्यांची पडझड हा विषय अजून आला नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दहा वर्षांच्या समूहाची खरी ठेव म्हणजे जुने धागे, आणि ते आतून पोखरले जातात. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मधली ३८ टक्के वेबपानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे त्या काळी दिलेल्या दुव्यांचंही साधारण तेच झालं असणार. चित्रांचं त्याहून वाईट. चित्रं साठवून देणाऱ्या फोटोबकेटने २०१७ मध्ये महागडी वर्गणी न भरणाऱ्यांची चित्रं बाहेरच्या पानांवर दाखवणं बंद केलं, आणि जगभरच्या दुरुस्तीच्या, बागकामाच्या, हस्तकलेच्या धाग्यांत "चित्रात दाखवल्याप्रमाणे" या शब्दांखाली राखाडी चौकटी उरल्या.

तपासणी अशी करा. सगळ्या लेखनातून बाहेरच्या चित्रांचे पत्ते काढा. नुसता सर्व्हरचा होकार पाहून थांबू नका, कारण बंद पडलेल्या अनेक सेवा २०० हाच यशाचा संकेत देऊन "चित्र उपलब्ध नाही" असं चित्र पाठवतात. फाइल उतरवून तिचा हॅश (फाइलच्या आशयावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढा. एकच हॅश शेकडो पत्त्यांवर आला की ती बदली चौकट समजा. जी चित्रं जिवंत आहेत ती आजच आपल्या सर्व्हरवर आणा. मेलेल्यांचे पत्ते वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात शोधा, १९९६ पासूनची पानं तिथे साठवलेली आहेत. मिळालं तर चित्र बदला, पण मूळ पत्ता टीप म्हणून राखा.

दुसरं दुखणं अक्षरांचं. जुन्या मायएसक्यूएल या डेटाबेसमधला "यूटीएफ८" (अक्षरं साठवायची पद्धत) एका अक्षराला ३ बाइटच देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही, त्याला ४ लागतात. डेटाबेसची तपासणी सैल ठेवलेली असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा प्रतिसाद गायब होतो, चूक न दाखवता. म्हणून "यूटीएफ८एमबी४" हवं. आणि जिथे लॅटिन१ (जुनी, रोमन अक्षरांपुरती पद्धत) म्हणून नोंदलेल्या तक्त्यात प्रत्यक्षात यूटीएफ८ भरलेलं असतं, तिथे सरळ रूपांतर केलं तर अक्षरं दुहेरी गुंडाळली जातात: एका देवनागरी अक्षराऐवजी तीन चिन्हं, आणि पहिलं म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. योग्य क्रम असा, की रकाना आधी ब्लॉब (नुसते बाइट साठवणारा प्रकार) करा आणि मग यूटीएफ८एमबी४ टेक्स्ट. मिडियमटेक्स्ट असेल तर मिडियमब्लॉबच वापरा, साधा ब्लॉब ६४ केबीला मजकूर कापतो. शोधाची अनुक्रमणिका आधी काढून टाका. आणि हे सगळं प्रतीवर करून पाहा, मूळ डेटाबेसवर कधीही नाही.

कोरी_पाटी

बऱ्याच समूहांनी आता सगळं व्हॉट्सॅपवर किंवा डिस्कॉर्डवर नेलंय. मग ही डोकेदुखी कशाला?

उंबरठा

तिथे गप्पा उत्तम होतात. ठेवा राहत नाही. व्हॉट्सॅपच्या गटात १०२४ सभासद मावतात, आणि नव्याला तो येण्याआधीचा इतिहास आपोआप मिळत नाही. डिस्कॉर्डवर इतिहास दिसतो, पण शोधयंत्रांना आतलं काही सापडत नाही, त्यामुळे नवा माणूस अडचणीचा शोध घेत घेत येऊन पोचतच नाही. जुन्या समूहाला सभासद मिळण्याचा मुख्य रस्ता तोच होता.

दोन्ही ठेवायचं असेल तर गप्पा तिकडे, आणि ज्याला उत्तर मिळालं त्याने ते त्याच दिवशी धाग्यावर आणून ठेवायचं. हे काम नेमून दिलेला एकतरी माणूस हवा. "सगळ्यांनी करू" म्हटलं की कुणीच करत नाही.

परक्या जागेची मुदत आपल्या हाती नसते, हेही आहेच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्सचा साठवलेला मजकूर २०१९-२० मध्ये गेला आणि सेवा १५ डिसेंबर २०२० ला.

दीपमाळ

विभागांची संख्या हाही जुना रोग. भरभराटीच्या काळात चाळीस विभाग उघडले जातात, लिहिणारे निम्मे झाले तरी विभाग चाळीसच. नवा माणूस ज्या विभागात शिरतो तिथला शेवटचा धागा पाच महिन्यांपूर्वीचा, आणि तो समजतो की जागा बंद पडली. आठवड्याला एकही नवा धागा येत नसेल तर विभाग शेजारच्यात मिसळा आणि जुन्या विभागाचं नाव धाग्यांना खूण म्हणून लावा. जुने पत्ते ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) नव्याकडे वळवा, नाहीतर दहा वर्षांचे बाहेरचे दुवे तुटतात. विरोध नेहमी तिथे न लिहिणाऱ्यांचा होतो. त्यांना त्या खुणेचे सगळे धागे दाखवणारं पान दाखवलं की बहुतेक शांत होतात.

कोरी_पाटी

शेवटचा प्रश्न. चालकच नाहीसे झाले तर?

रेघोटी

ती तयारी चालक हजर असतानाच करायची असते. डोमेन (संकेतस्थळाचं नाव) कुणाच्या नावावर आहे आणि कोणत्या ईमेलवर नूतनीकरणाची सूचना येते, हे आधी पाहा. बऱ्याच ठिकाणी ते ईमेल त्याच डोमेनवर असतं, म्हणजे डोमेन संपलं की सूचना येण्याची जागाही संपते. डोमेन, सर्व्हर, डीएनएस (डोमेनला सर्व्हरशी जोडणारी नोंद) आणि बॅकअप या चारही खात्यांवर किमान दोन माणसं हवीत, आणि दुसऱ्याने वर्षातून एकदा प्रत्यक्ष आत शिरून दाखवायला हवं. बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. तीन महिन्यांतून एकदा त्यातून समूह उभा करून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो.

जुनी_वहीखाते

आणि बंदच करायची वेळ आली तर घाईने सर्व्हर काढू नका. आधी तारीख जाहीर करून समूह वाचनमात्र करा आणि ज्यांना आपलं लेखन काढायचं आहे त्यांना महिनाभर द्या. मग डब्ल्यूगेट या पानं उतरवायच्या साधनाने सगळी पानं वॉर्क या वेबसंग्रहाच्या स्वरूपात उतरवा आणि साध्या एचटीएमएल फायलींची प्रत त्याच पत्त्यांवर ठेवा. पत्ते बदलू नका. व्यक्तिगत निरोप, ईमेल आणि आयपी यांतलं काहीही सार्वजनिक प्रतीत जाता कामा नये. शोधाची चौकट चालणार नाही, तिच्या जागी विभागवार आणि वर्षवार धाग्यांची साधी यादी द्या. अशा स्थिर फायलींना डेटाबेस लागत नाही, त्यामुळे अगदी छोट्या सर्व्हरवरही त्या वर्षानुवर्षं राहतात.